एकशे छत्तीस घोडे आणि एक मामा

...हसू नका हो! तुम्हाला सांगतो, दिलसुखनगरच्या माझ्या घरून नारायणगुड्याचा लग्नाचा मांडव, लांब तो किती? आणि माझ्या नव्या विजेच्या गाडीत घोडे किती? एकशे छत्तीस! मी नाही म्हणत, शोरूमचा पोरगा म्हणाला, "सर, वन थर्टी सिक्स हॉर्सपॉवर! नुसता पाय ठेवा, सिग्नलला बाइकवाले मागं राहतील." ठेवला की पाय, पाठ सीटला चिकटली! पण तेव्हा गाडीत मी आणि तो काडीपैलवान दोघंच, बॅटरी फुल्ल... हे तेव्हा कुणाच्या लक्षात येतंय?

आता माझ्या बहिणीच्या, सत्यवतीच्या पोरीचं, शिल्पाचं लग्न. मुलगा तेलुगू, गुणाचा आहे, तक्रार नाही. पण त्यांच्याकडं नवरीला टोपलीत बसवून मामानं मांडवात उचलून आणायचं असतंय. मामा कोण? मी, हिम्मतराव, एकुलता एक! मुहूर्त दहा बेचाळीस. चाळीस नाही, पंचेचाळीस नाही, बेचाळीस! मामा नाही आला तर पोरगी खोलीतच बसून राहायची.

आणि मी आदल्या दिवशी काय केलं? हळदीला आलेल्या एकेका पाहुण्याला गाडीत घालून सुसाट चकरा मारल्या! घोडे दाखवायचे होते ना! मग चार्जिंगला लावली, तर जालन्याच्या दोन मावश्यांनी प्लग काढून आपले फोन लावले. "एवढी मोठी गाडी, तिला काय धाड भरली? आमचे फोन मरायला टेकले होते!" सकाळी मागं दोघी मावश्या, मधे लाडवांचे डबे, डिकीत रुखवत, पुढं आमची बायको ज्योती, आणि बॅटरी सहा टक्के.

चादरघाटच्या पुलाला चढ लागला, मी पाय दाबतोय, दाबतोय... आणि समोर पडद्यावर काय आलं? कासव! खरंच हो, कासवाचं चित्र! घोडे किती? एकशे छत्तीस! दिसतंय काय? कासव! ज्योतीनं त्या शोरूमच्या पोराला फोन लावला, तर म्हणतो, "मॅडम, माणसं किती? सामान? बॅटरी? अरेरे... ते घोडे बॅटरी भरलेली असताना, तेही थोडाच वेळ. चार्ज उतरला की गाडीच त्यांना बांधून ठेवते. आणि गाडी उठते ती वजन बघून." अरे मग विकताना मावश्या का नाही विचारल्यास!

तिकडून सत्यवती रडकुंडीला आलेली, "दादा, कुठंवर आलास रे? पंतुलुगारू घड्याळ दाखवून राहिलेत!" पंतुलुगारू म्हणजे त्यांचे भटजी हो! दहा वीस वाजलेले! माझ्या तोंडचं पाणी पळालं हो. एवढ्यात मागून ऑटोवाला, "करंट की गाडी है क्या भाई? न्यूट्रल में डालो, मैं पाँव लगातूं." लावला की पाय बंपरला! त्याच्या ऑटोत घोडे किती? बोटांवर मोजा! त्यानं आम्हाला कोठीच्या चौकापर्यंत ढकलत आणलं, वर पैसे घेईना, "बच्ची की शादी है, जाओ जाओ." पुढचं अंतर रांगत रांगत काढलं.

पोचलो, दहा एक्केचाळीस! चप्पल कुठं गेली माहीत नाही. टोपलीला एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं नवऱ्याकडचे दोन तगडे काका. कंबर कटकट करतेय, डोळ्यांत पाणी... हो, आलं! एवढीशी होती हो, याच हातांवर खेळली. पंतुलुगारू ओरडतायत, "तोंदरगा, तोंदरगा!" म्हणजे लवकर, लवकर! आणि शिल्पा टोपलीतून माझी बाही घट्ट धरून म्हणते, "मामा... जरा हळू चला ना."

म्हटलं, बाळा, काळजी करू नको. सकाळपासून मला तेवढंच जमतंय.