एक टाका राहिला होता

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या भूलतज्ज्ञ बाई, रुग्णालयातले सर्व सहकारी, आणि माझ्या आग्रहाखातर तिसऱ्या रांगेत येऊन बसलेली माझी थोरली बहीण व भाची,

मला पाच मिनिटं दिली आहेत. डोळ्यांच्या सर्जनला तेवढी पुरतात, असा एक समज आहे.

बाईंची एक सवय आपण सगळे जाणता. पूर्वी ऑपरेशनआधी सरसकट सगळ्यांना अ‍ॅट्रोपिन टोचत. त्यानं लाळ आटते, हृदयाचे ठोके वाढतात. बाईंनी रुजू होताच ते बंद केलं. म्हणाल्या, "गरज नसताना सगळ्यांची तोंडं कशाला कोरडी पाडायची?" पण प्रत्येक ऑपरेशनला त्या ते सिरिंजमध्ये भरून, लेबल लावून उजव्या हाताशी ठेवत, आणि काम संपलं की न वापरलेलं फेकून देत. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "बाई, फेकायचंच असतं, तर भरता कशाला?" त्या म्हणाल्या, "फेकावं लागलं की मला बरं वाटतं."

चौदा वर्षांपूर्वी मी या भाचीच्या तिरळेपणाचं ऑपरेशन केलं. ती नऊ वर्षांची होती. नात्यातल्या माणसाचं ऑपरेशन आपण करू नये, असं बाई म्हणाल्या होत्या. ताई म्हणाली, घरचा डॉक्टर असताना बाहेर कशाला? मी ताईचं ऐकलं. लहानपणापासूनची सवय.

या ऑपरेशनमध्ये डोळ्याचा स्नायू ओढावा लागतो, आणि तो ओढला की हृदय मंदावू शकतं. हे पुस्तकात आहे. मी विद्यार्थ्यांना शिकवतोसुद्धा. मॉनिटरचा आवाज मंदावला. बाई म्हणाल्या, "सोडा." मी म्हणालो, "एकच टाका राहिलाय." त्या पुन्हा म्हणाल्या, "सोडा." मी सोडलं नाही. का? टाका फार सुबक येत होता, हो!

मग आवाज थांबला. बाईंनी एका हातानं माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि दुसऱ्या हातानं ती सिरिंज सलाईनच्या नळीत रिकामी केली. ठोके परत येईपर्यंत किती वेळ गेला, मला माहीत नाही. ताईला बाहेर जाऊन काय सांगायचं, त्याचं पहिलं वाक्यही तेवढ्यात सुचलं नव्हतं. मी फार घाबरलो होतो.

वॉर्डात पोरीचा चेहरा लालबुंद, छाती धडधडतेय, आणि सारखं "पाणी, पाणी". ताई बाईंवर कडाडली, "जास्त औषध दिलंत ना माझ्या पोरीला?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी केसपेपर वाचत होतो. तो उलटा होता.

बाई म्हणाल्या, "औषध मीच दिलं. त्यानं असं होतं. संध्याकाळपर्यंत उतरेल." बस, एवढंच.

तेव्हापासून ताई प्रत्येक नातेवाइकाला सांगते, त्या बाईंचा हात औषधाला भारी सढळ. अशा वेळी मी मान खाली घालून जेवत राहतो.

अध्यक्ष महोदय घड्याळ पाहताहेत. ताई, त्या दिवशी औषध बरोबर होतं. पोरीचं हृदय माझ्यामुळे थांबलं आणि बाईंमुळे चालू झालं. बाई, तुमच्या वाट्याला आलेली ती बोलणी माझी होती.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, त्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. चौदा वर्षं जे बोललो नाही, त्याची क्षमा मात्र मी बाईंकडे आणि तिसऱ्या रांगेकडे मागतो.

ताई उठलेली दिसते. बाई, तुम्ही बसा, ती माझ्याकडे येते आहे. या वेळी तुम्ही सांगायच्या आधीच मी माइक सोडतो. धन्यवाद.