रेषेपलीकडे कोणी थांबेना

मला वाटलं होतं, मुलींना एकमेकींच्या अंगावर झेपावायला शिकवण्यातच वर्ष जाईल. पण मरोळच्या मैदानावरच्या त्या मुली कबड्डी खेळणाऱ्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझे पाय असे धरले की मी तोंडावर आपटले. शहाऐंशी साली अमेरिकेत शिकून परतताना मी तिकडचा, हातात धरून पळायचा लांबट फुटबॉल आणला होता, आणि मुलींची टीम उभी करायच्या ध्यासाने मला घरात बसवत नव्हतं.

अडलं भलतीकडेच. सुलू चेंडू छातीशी धरून सुसाट सुटली, शेवटच्या रेषेला पाय लावला आणि तशीच वळून सगळ्यांना चुकवत आमच्याकडे परत आली.

“सुलू, तिकडे पोचलीस की गुण मिळाला. तिथेच थांबायचं.”

“तिकडे त्यांच्यात थांबू? परत नाही आले तर मी मेलेच ना, ताई.”

“या खेळात कोणी मरत नाही गं.”

“मग खेळायचं कशाला?” सगळ्या हसल्या. “उद्यापण हेच असेल तर आम्ही आपली कबड्डी खेळतो हां.”

रात्रभर दोन्ही खेळांचे नियम डोक्यात फिरत राहिले. सकाळी मी ठरवून टाकलं: मरोळमध्ये रेषेला पाय लावून परत आल्यावरच गुण.