मंद हवेचा पाऊण तास

दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक आजोबा आणि त्यांची मुलगी बसली होती. झोपेत श्वास देणारं त्यांचं मशीन समोरच्या टेबलावर होतं आणि तंत्रज्ञ बाई ते तपासत होत्या.

"आजोबा, मास्क रात्रभर लावता ना?"

"लावतो की."

"मशीन तर म्हणतंय, दहा मिनिटांत काढून ठेवता."

"चहाडखोर आहे मेलं."

"बाबा! झोपेत श्वास अडकतो तुमचा. गंमत आहे का ही?"

"नाक कोरडं पडतं का, आजोबा? वाफ वाढवून देते."

"नाक बरंय. पण त्या घरघरीत हिच्या आईची हाक ऐकू यायची नाही."

"बाबा, अर्धांगवायू झाल्यापासून आई बोललीये का एकदा तरी? आठ महिने झाले."

"म्हणूनच तर. एखाद्या रात्री बोललीच, आणि मला ऐकू आलं नाही तर?"

बाईंनी मशीन जवळ ओढलं.

"असं करू, आजोबा. सुरुवातीला हवा अगदी मंद ठेवते, आवाज जाणवणारसुद्धा नाही. मग हळूहळू वाढेल."

"किती वेळ मंद राहील?"

"जास्तीत जास्त पाऊण तास."

"ठेवा मग. सांगतो तिला, काय बोलायचंय ते तेवढ्यात बोलून घे."