जुम्मेरातचा घास

कळंबच्या मोटारस्टँडवर शशिकला येडशीच्या गाडीची वाट बघत होती. मांडीवरचं बाळ कालपासून दूध घेत नव्हतं, म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पण कान शेजारच्या बाकाकडे लागले होते. तिथं दोघी बायका बसलेल्या. एकीच्या हातात मातीचं बोळकं, त्यात तांबूस केसांचं, दवानं भिजल्यासारखं इवलंसं रोप.

"खातूनभाभी, ह्येच का ते चिलटं खाणारं?"

"व्हय, अयोध्याबाई. माझ्या हैदरनं रामलिंगच्या ओल्या खडकावरनं आणलं होतं. पोरगा गेला, ह्ये तेवढं मागं ऱ्हायलं."

"निम्मं काळं पडलंय की!"

"माझ्याच हातानं. त्यो सांगायचा, अम्मा, नुसतं पावसाचं पाणी दे, ह्याचं पोट ह्ये आपलं आपण भरतंय."

"मग?"

"दर जुम्मेरातला, गुरुवारी, शिरा करून त्याच्या नावानं फातिहा देते. त्या शिऱ्यातला एक घास ह्याच्या मुळाशी ठिवायची. लेकराचं झाड, उपाशी कसं ठिवू?"

"अगं बाई! मुंग्या लागल्या असतील."

"मुळं कुजायला लागली. म्हणून तुमच्या संगं धाडते. तुमचं घर रामलिंगापाशी. जिथलं तिथं लावा."

"अन् तुमी घरी काय बघत बसणार?"

"ते जगू द्या आधी. अन् बाई, त्याला काय खाऊ घालू नका. लई जीव तुटला तरी."

"न्हाय घालत."

येडशीची गाडी येऊन थांबली. माणसं दाराकडं पळाली.

"सोडा आता बोळकं, भाभी."

"तुमी धरलं का नीट?"

"कवाचं धरलंय."