अकरा सेकंदांचं हसू

नाही नाही, तू म्हणतेस ते खरंच आहे पोरी – आमच्या त्या सिनेमात एक क्षणही फुकटचा नाही. लखपतीची लेक, लग्नाच्या गाऊनमध्ये, अख्ख्या हॉटेलभर बकरीमागे धावते – आणि नवरदेव त्या बकरीलाच वाट विचारतो! अजून हसू येतं ना? येणारच. ती सगळी फिल्मची कापाकापी-जोडाजोड माझ्या हातची. पडद्यावर नाव नाही, नसू दे. तुझ्या पुस्तकात मात्र नीट लिही – आम्ही घड्याळ लावून हसू मोजायचो. पोमोना नावाच्या लहानशा गावच्या थिएटरात, गावाला पत्ता लागू न देता, सिनेमा आधी दाखवायचा – मी मागच्या रांगेत, हातात स्टॉपवॉच. लोक जितकं हसले तितकी जागा पुढच्या वाक्याआधी सोडायची, नाहीतर ते ऐकूच येत नाही. आणि जिथं हसू कमी, तिथं कात्री.

कोण? दार उघडणारी मोलकरीण? ...ती होय. एवढंसं दिसते, तरी लक्षात राहिली तुझ्या. वेल्डा. वेल्डा स्टॅम्पर. एका खोलीत राहायचो गं आम्ही, सूपचा एक डबा दोघींत. तिचा अख्खा प्रसंग होता तिथं – बकरीला पाहुणी समजून अदबीनं कोट मागते, "द्या बाईसाहेब, टांगून ठेवते!" लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. अकरा सेकंद. मी चार लिहिले.

का म्हणजे काय! जळले मी! सहा वर्षं फिल्म चिकटवून माझी बोटं सोलली, मला कुत्रं ओळखत नव्हतं – आणि ही चार दिवस उभी राहिली नि उद्या रस्त्यात लोक हिच्याकडे वळून बघणार? मला वाटलं, थोडं छाटतील. त्यांनी सगळा प्रसंगच काढला, उरलं ते नुसतं दार उघडणं.

तिला कुणी कळवलं नाही. मी तरी कुठं तोंड उघडलं? पहिल्या खेळाला बेकर्सफील्डहून आईला घेऊन आली – म्हातारीनं नवी हॅट घातलेली. मी शेजारीच. सिनेमा संपला, दिवे लागले, आणि म्हातारी कानकोंडी होऊन विचारते, "वेल्डा, तू पडद्यावर कधी आलीस गं? माझा डोळा लागला का?"

वेल्डा म्हणाली, "हो आई. तुझा डोळा लागला होता."

नंतर माझ्याच खांद्यावर रडली. मी स्टुडिओवाल्यांना शिव्या घातल्या, अगदी मनापासून – शरम नाही वाटली मला. महिन्यानं ती गावी निघून गेली.

जिवंत आहे की गेली, ठाऊक नाही. पत्ता होता माझ्याकडे. चाळीस वर्षं होता.

बंद कर ते रेकॉर्डिंगचं यंत्र. बंद कर म्हणते ना! ...जा तू आता.