न झोंबणारा लेप

—नाही, हसायचं नाही, आणि बोलायचं तर अजिबातच नाही, काकू, तोंड हललं की लेपाला चिरा पडतात आणि मग मला पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागतं. हाताने सांगा. काय? गार लागतंय? नाही? मग हा हात असा काय फिरवताय — अच्छा! झोंबत नाहीये. नाहीच झोंबणार. आज नाही झोंबणार, पडून राहा. आणि हो, मी काकूच म्हणणार, मावशीने बजावून ठेवलंय की पार्लरमध्ये साठीची बाई आली तरी मॅडम म्हणायचं, पण मावशी गेलीये लाँड्रीतून टॉवेल आणायला, आणि मला ते मॅडम-मॅडम करताना स्वतःचीच शिसारी येते.

लेपात काय आहे? ओट्स. नुसते ओट्स. मिक्सरमध्ये इतके बारीक करायचे की पाण्यात टाकले तर पाणी दुधासारखं झालं पाहिजे — तळाशी भुसा बसला म्हणजे दळण फसलं. मग कोमट पाणी, कडकडीत नाही, त्याने कातडी आणखी कोरडी पडते. आणि चोळायचं नाही, हलक्या हाताने थापायचं. खाज शमते, कोरडेपणा जातो, आग कमी होते. बस्स. गोरंबिरं कुणी होत नाही. बाहेर काचेवर मावशीने रंगवून घेतलंय ना, 'ओट्सने उजळा' — मी रोज मान खाली घालून आत येते, ते वाचायला नको म्हणून. ओट्स म्हणजे काय चुना आहे का, भिंतीला फासायला?

मला कुणी शिकवलं? माझ्याच अंगावर शिकलेय. लहानपणी माझे कोपर, गुडघ्यांच्या मागची बाजू, मान, सगळं खाजवून खाजवून सोलून निघायचं. बाकावर शेजारी कुणी बसायचं नाही, बाई सुद्धा माझी वही दोन बोटांत धरायच्या. तेव्हा आईने — हो, माझी आई, मागच्या खोलीत असते, तुम्ही पाहिलीच नसेल, कुणीच पाहत नाही — तिने जुन्या पायमोज्यात ओट्स भरले, गाठ मारली आणि तो बादलीत पिळला. त्या पाण्यात मला बसवायची. पहिल्यांदा मी न खाजवता झोपले तेव्हा तीच घाबरली म्हणे, नाकाशी बोट धरून बघत होती श्वास चाललाय ना. तर हे सगळं तिचं. मावशीने बघितलं, उचललं, डब्यात भरलं आणि डब्यावर स्वतःचा फोटो चिकटवला. हसरा!

मग एरवी झोंबतं कशाने? लिंबाने, काकू. लिंबू आणि वर अत्तर. सुरुवातीला मावशी साधाच लेप लावायची. बायका उठायच्या, आरशात बघायच्या आणि म्हणायच्या, काही जाणवलंच नाही हो. परत फिरकायच्या नाहीत. मग एकदा हिने लिंबू पिळलं. डोळ्यांतून पाणी एकेकीच्या — आणि उठून काय म्हणाल्या? 'आत्ता कसं, लागू पडलं!' किळस येते मला. तोंड भाजतंय आणि ह्या खूश! तुमच्या वयाच्या सगळ्या बायका अशाच का हो? औषध कडू पाहिजे, चप्पल चावली पाहिजे, सासू बोलली पाहिजे, दुखलं नाही तर तुम्हाला काही खरंच वाटत नाही. हलू नका. रागावलात तरी हलू नका.

आणि तुमची ही लाली, इथे, नाकाच्या दोन्ही बाजूंना — मावशी म्हणाली असेल वयाची आहे. काही वयाची नाही, लिंबाची आहे. उद्या ऑफिसात तुमचा निरोप समारंभ, फोटो निघणार, म्हणून लाली घालवायला कुठे आलात, तर जिथून ती घेऊन गेलात तिथेच! मला राहवलं नाही. आईला म्हटलं, लिंबू ठेव बाजूला, आज मी कालवते. तर म्हणते, ताई रागावेल. पन्नाशीची बाई, आणि ताई रागावेल!

तिचे हात दाखवू तुम्हाला? नको, जाऊ दे. लिंबं तीच पिळते ना. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्यात, नखांच्या कडा सोलल्यात. हातमोजे दिले तर म्हणते त्यांतून बिया हाताला कळत नाहीत. घरी भांडी मी घासते, कारण साबण लागला की ती ओठ चावते, तेच मला बघवत नाही. मी म्हटलं, आई, तूच शोधलंस हे, निदान तुझ्या हातांना तरी लाव चमचाभर. तर काय म्हणावं? 'गिऱ्हाइकांचं आहे ते.' ऐकलंत? म्हणून तर मी कॉलेज — म्हणजे, मी सगळ्यांना सांगते की मास्तर नालायक होते म्हणून सोडलं. होतेच ते, एकेक नमुना होता. पण तिच्याबरोबर त्या मागच्या खोलीत कुणीतरी... असो. हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? तुम्ही बोलत नाही ना, म्हणून.

बरं, ऐका. मावशी आली की आधी हेच विचारेल, 'काय, झोंबलं ना?' तुम्ही हो म्हणा. मला ती ओरडेल त्याचं काही नाही, मीही ओरडेन, पण आईशी ती बोलणं टाकते, आणि ती बोलली नाही की आई निम्मी होते. म्हणून हो म्हणून टाका, झोंबलं, चांगलं झोंबलं — नाही. थांबा. हो म्हणालात तर उद्या पुन्हा लिंबं आहेतच. शी! मीही तेच करायला निघाले. आमच्या घरात सगळ्यांनी जन्मभर हेच केलं, मावशीचं मन राखायचं आणि ते कुणाच्या तरी कातडीवर निभवायचं. नको. खरं सांगा. झोंबलं नाही आणि बरं वाटलं, एवढंच सांगा. तुम्ही तिचं जुनं गिऱ्हाईक, माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. तुम्ही साधाच हवा म्हणालात तर दुसऱ्याही म्हणतील, लिंबू बंद होईल, आईचे हात सुटतील. दुसरं काही मागत नाही मी तुमच्याकडे.

चला, उतरवते. डोळे मिटून ठेवा. पाणी कोमटच आहे. टॉवेल घासायचा नाही, नुसता टेकवायचा — असा. हा घ्या आरसा. बघा! नाकाच्या कडेची लाली फिकी झालीये की नाही? हात लावून बघा, मऊ लागतंय ना? आता बोला. बोला ना, काकू.

काय?

काहीच जाणवलं नाही? अहो पण गाल बघा ना — काय लावू वरून? एक हात लिंबाचा? उद्या फोटो आहे म्हणून? मी इतका वेळ कुणाशी बोलत होते, भिंतीशी? नाही. नाही लावणार. उठा. ही तुमची पर्स, हा चष्मा. जिन्यात मावशी भेटेल, तिला सांगा तुझी भाची उद्धट आहे, गिऱ्हाइकं घालवते. खुशाल सांगा. निघा.

आणि हा आवाज कसला? आई? — तू ऐकत होतीस? अगं, मी नाही म्हटलंय त्यांना. कापलंस पण? आई, कुणी सांगितलं तुला... ठेव ते. आई. लिंबू खाली ठेव.