एका पानात उरकतं

झेरॉक्सच्या रांगेत निवृत्त पोस्टमनच्या पुढे एक घड्याळजी आणि त्यांची कॉलेजात शिकणारी भाची उभी होती. पोस्टमनला घाई नव्हती. तो ऐकत राहिला.

"मामा, गिऱ्हाइकांना विचारायचे दोनशे फॉर्म छापण्याआधी अडचण नेमकी काय ते ठरवू. तेच ठरलं नाही तर विचारणार काय?"

"गिऱ्हाईक नाराज आहे."

"तक्रार आली?"

"एकही नाही."

"काम घटलं?"

"वाढलंय. दुकानाबाहेर पेटी लावल्यापासून लोक बंद पडलेलं घड्याळ चिठ्ठीसकट टाकून जातात. नीट झालं की बाहेरच्याच खणातून नेतात."

"मग नाराज कशावरून?"

"आत कुणी येत नाही."

"पेटी तूच लावलीस ना?"

"तुझी मामी होती तेव्हा. जेवायला वेळेवर घरी जाता यावं म्हणून."

भाची हातातला फॉर्म बघत राहिली.

"बरं. भरलेले फॉर्म पेटीतच टाकायला सांगू."

"नको. मी घरोघर जाईन. समोर बसून भरून घेईन."

"दोनशे घरं, मामा?"

"आणि प्रश्न जरा वाढव. एका पानात लवकर उरकतं."